हातचा

फॉर्मवर छापलं होतं: तुमच्यावर काय परिणाम झाला ते लिहा.
झोप, तब्येत, पैसा, घरातली माणसं.
शिक्षा किती व्हावी ते मात्र लिहू नये.
ते कोर्टाचं काम.
लोवेना नावाची पोलीस पोरगी
आमच्या स्वयंपाकघरात बसून हे दोनदा वाचून दाखवत होती
आणि मी तिच्या चहात साखर घालत राहिलो,
ती नको नको म्हणत असताना.

चार रविवार लिहीत होतो.
लिहिलं, की टॅमसिन त्रेसष्ट वर्षांची होती,
सायकल तिच्या मापाहून जरा मोठीच,
सेंट ॲग्नेसच्या चढावर ती उतरून चालायची,
दम लागतो म्हणून नव्हे,
कुंपणातल्या ब्लॅकबेरी पिकल्यात का ते बघायला.
लिहिलं, की मी तीस वर्षं पोस्टमन होतो,
त्या रस्त्यावरचं दार न् दार मला कुत्र्यासकट पाठ.
जोरीच्या आईचंसुद्धा.
त्याच्या जन्माची अभिनंदनाची कार्डं
मीच सरकवली होती त्या फटीतून.
हे वाक्य मग खोडलं.

निकालाच्या सकाळी, ट्रुरोला,
पार्किंगच्या मशीनपाशी एक बाई पर्स उलथीपालथी करत होती.
वीस पेन्स कमी पडत होते. मी दिले.
थँक्यू म्हणाली, आणि मग तिनं वर पाहिलं.

आत जोरी. बावीस वर्षांचा,
कुणाचा तरी कोट घातलेला, बाह्या बोटांपर्यंत.
अकरा सेकंद तो फोनकडे बघत होता.
अकरा, हे कॅमेऱ्यावरून मोजलेलं.
त्याचा वकील सौम्य आवाजात म्हणाला,
सायकलचा मागचा दिवा कदाचित मंद असावा.
सेल मीच बदलले होते त्या सकाळी.
जुने दोन माझ्या कोटाच्या खिशात होते, आत्ता, इथे.
मी उठलो नाही. उठायचं नसतं.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला.
सुरुवात नऊ वर्षांपासून.
कोवळं वय, आधीचा गुन्हा नाही, पश्चात्ताप खरा: दीड वजा.
पहिल्याच तारखेला कबुली: उरल्याचा तिसरा हिस्सा वजा.
राहिली पाच.
त्यातली काही आत, बाकीची बाहेर, परवान्यावर.
परवाना. हाच शब्द वापरला त्यांनी.

घरी येऊन विजेच्या बिलाच्या पाकिटावर
मी ती वजाबाकी पुन्हा केली.
चूक नव्हती कुठे.
तरी वाटत राहिलं, कुणीतरी
हातचा धरायला विसरलंय.
शाळेत बाई म्हणायच्या, कमी पडलं तर
शेजारच्या घरातून उसना घे बाळा,
पण घेतलास हे विसरू नकोस.

एकोणऐंशी साल. न्यूकीहून, नावांच्या शर्यती बघून येताना,
पोटात चार ग्लास बिअर,
शेजारी टॅमसिन, बूट काढून, तोंड उघडं टाकून झोपलेली.
रस्ता तोच, वळण दुसरं.
मला जाग आली तेव्हा गाडी चुकीच्या बाजूला होती.
किती सेकंद, ते मोजणारं तेव्हा काही नव्हतं.
समोरून कुणी आलं नाही,
एवढंच झालं त्या रात्री.
सकाळी मी टपाल वाटलं.
तिला कधी सांगितलं नाही.

लोवेनाचा फोन आला, समाधान झालं का तुमचं?
म्हणालो, बाई छान बोलल्या.
रात्री दोनला माझ्याजवळ एक आकडा असतो,
खूप मोठा. सातला, किटली ठेवताना,
तो कुठे गेला ते सापडत नाही.
बरं झालं फॉर्मनं विचारलं नाही.

सेल अजून खिशात आहेत.
असले सेल कुठल्या डब्यात टाकतात
ते टॅमसिनला माहीत होतं.